अ‍ॅडमिट असाल तर बोला!

दर वेळी तेच. आमच्या शेजारच्या मावशी प्लॅस्टिकच्या पिशवीतून जपून ठेवलेलं आयुष्मान कार्ड काढतात, काउंटरवर ठेवतात आणि पलीकडून मान वर न करताच उत्तर येतं, "अ‍ॅडमिट असाल तर बोला. ओपीडीला हे चालत नाही."

२०१८ साली ही आयुष्मान भारत योजना आली, दवाखान्यात भरती झालं तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण. चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. ऑपरेशन निघालं तर घर विकायची पाळी येत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. पण बीपी आणि साखरेच्या गोळ्या रोज लागतात हो! त्या कोणाच्या खिशातून? भरती व्हायच्या आधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यावरचे १५ दिवस एवढाच खर्च यात धरतात. सोळाव्या दिवशी बीपी बरं होतं का? सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, हे मलाही माहीत आहे. पण तिथे तासभर रांगेत उभं राहून "स्टॉक संपलाय, बाहेरून घ्या" ऐकायचं, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

म्हणजे गोळीला पैसे नाहीत, आणि गोळीअभावी उद्या अर्धांगवायूचा झटका आला की लाखांचं बिल मंजूर. हा कुठला हिशोब? डोकं फिरतं अगदी.

मावशींनी काल परत अर्धीच पट्टी घेतली. एक दिवसाआड खातात म्हणे.