प्लेसहोल्डर लावला, तरी % मोकळाच राहतो

"क्वेरीत प्लेसहोल्डर वापरला की सर्च बॉक्स सुरक्षित. % आणि _ ची चिंता नको. फारच वाटलं तर इनपुटमधून काढून टाका, नाहीतर पुढे बॅकस्लॅश लावा. फ्रेमवर्क असेल तर तेवढंही नको. जास्तीत जास्त काय, चार रो जास्त येतील." नवशिक्यांना हा सल्ला सर्रास दिला जातो. त्यातला पहिला भाग अर्धा खरा आहे, म्हणून बाकीचाही खपून जातो.

आधी प्लेसहोल्डर, म्हणजे क्वेरीत वापरकर्त्याच्या व्हॅल्यूसाठी ठेवलेली ? सारखी खूण. तो एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे इनपुटमधून क्वेरीत आदेश घुसवणं, थांबवतो, याबद्दल दुमत नाही. वापरकर्त्याने अवतरणचिन्ह टाकलं तरी ते क्वेरीचा भाग होत नाही, मजकूरच राहतं. पण सर्च बॉक्सची क्वेरी बहुधा लाइक वापरते, म्हणजे मजकूर नमुन्याशी जुळवून बघते, आणि लाइकच्या उजव्या बाजूला जातो तो नुसता मजकूर नसतो, नमुना म्हणजे पॅटर्न असतो. डेटाबेस ती व्हॅल्यू सुखरूप घेतो आणि मग पॅटर्न म्हणूनच वाचतो: % म्हणजे कितीही अक्षरं, अगदी शून्यसुद्धा, _ म्हणजे नेमकं एक. त्यामुळे "१०%" शोधणाऱ्याला "१०२४" आणि "१०५"ही दिसतात. नुसतं % टाकलं, तर त्या कॉलममध्ये नल (व्हॅल्यूच नाही असा) नसलेला प्रत्येक रो हजर. (तो "एक"सुद्धा आपल्या अर्थाचा एक नव्हे. युनिकोडमध्ये "कि" हे दोन कोडपॉइंट (संगणक सुटी मोजतो ती चिन्हं) आहेत आणि "क्षि" चार, त्यामुळे देवनागरीत _ अक्षराच्या मधोमध बसू शकतो.)

"चार रो जास्त" या वाक्याचा मला सगळ्यात राग येतो. सर्चपुरतं ते कदाचित चालेल, पण लाइक फक्त सर्चमध्ये राहत नाही. तात्पुरत्या नोंदी पुसणारी स्क्रिप्ट घ्या. डिलीटच्या अटीत कुणीतरी 'टेम्प_%' लिहिलंय, मनात अर्थ "टेम्प_ ने सुरू होणारं सगळं". डेटाबेसच्या लेखी अर्थ वेगळा: टेम्प, मग कुठलंही एक अक्षर, मग काहीही. त्यात "टेम्परेचर" बसतं, "टेम्प्लेट"ही बसतं. दोन्ही गेले, आणि कुठे एररही आली नाही. किंवा लहानमोठ्या लिपीचा फरक पडू नये म्हणून पासवर्ड रीसेटचं टोकन बरोबरच्या चिन्हाऐवजी लाइकने तपासलं असेल, तर टोकनच्या जागी % टाकणाऱ्याला टोकन माहीत असण्याची गरजच उरत नाही. वेगाचाही प्रश्न आहे. "या अक्षरांनी सुरू होणारं" अशा शोधात वापरकर्त्याने सुरुवातीलाच % टाकलं, की साध्या बी-ट्री इंडेक्सने (क्रमाने लावलेल्या सूचीने) शोध आवळता येत नाही. मुद्दाम विचित्र रचलेल्या पॅटर्नने सर्व्हर गुंतवून ठेवता येतो, म्हणून एस्क्यूलाइट या डेटाबेसने लाइकच्या पॅटर्नवर ५०,००० बाइट्सची मर्यादा मुळातच घातली आहे.

चिन्हं काढून टाकायची म्हणाल, तर तो उपाय नाही, शोधणाऱ्यावर अन्याय आहे. "अहवाल_२" नावाची फाइल हवी असलेल्याच्या नावाने आपण "अहवाल२" शोधतो आणि "काही सापडलं नाही" असं सांगतो. फाइल तिथेच असते.

आता बॅकस्लॅश. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये लाइकसाठी तो ठरलेला एस्केप आहे, म्हणजे पुढच्या चिन्हाचा खास अर्थ काढून घेणारं चिन्ह. एस्क्यूलाइट, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये तसं काही ठरलेलं नाही. तिथे '\%' चा अर्थ "एक बॅकस्लॅश आणि पुढे काहीही". म्हणून एस्केप हा शब्द क्वेरीत स्पष्ट लिहायचा: लाइक ? एस्केप '!'. उद्गारचिन्ह निवडण्याचं कारण साधं आहे: बॅकस्लॅशला अनेकदा स्ट्रिंगमध्येही खास अर्थ असतो आणि मग दोन लिहायचे की चार, यात माणूस हरवतो.

यातही क्रम चुकला तर सगळं पाण्यात. आधी ! चं !! करायचं, मगच % चं !% आणि _ चं !_. उलट केलंत, तर !% चं !!% होतं, म्हणजे एक साधं उद्गारचिन्ह आणि त्यामागे पुन्हा जिवंत %. पहिली पायरी गाळलीत आणि वापरकर्त्याने शेवटी ! टाकलं, तर "पुढे काहीही" यासाठी आपण मागे जोडलेलं आपलंच % निकामी होतं आणि शोध भलताच होतो. आपली % चिन्हं या तिन्ही पायऱ्यांनंतर जोडायची. एसक्यूएल सर्व्हरमध्ये [ हेही एस्केप करा. तिथे "[१२३]" म्हणजे त्या तिघांपैकी कुठलंही एक अक्षर.

फ्रेमवर्कवर सरसकट भिस्त ठेवता येत नाही. जँगोच्या कंटेन्स आणि स्टार्ट्सविथमध्ये ही चिन्हं आपोआप एस्केप होतात. एसक्यूएलअल्केमीच्या कंटेन्समध्ये मात्र ऑटोएस्केप स्वतः चालू करावं लागतं. रेल्समध्ये सॅनिटाइझ_एसक्यूएल_लाइक आहे, पण ते आपण बोलावलं तरच येतं.

आणि पॅटर्न हवाच कशाला, हेही विचारा. "हा तुकडा मजकुरात आहे का" एवढंच हवं असेल, तर पोस्टग्रेसमध्ये स्ट्रपॉस, मायएसक्यूएल, एस्क्यूलाइट आणि ओरॅकलमध्ये इनस्ट्र, एसक्यूएल सर्व्हरमध्ये चारइंडेक्स हे फंक्शन आहे. त्यांना % म्हणजे फक्त %. एस्क्यूलाइटमध्ये लाइक इंग्रजी लिपीतल्या लहानमोठ्या अक्षरांत फरक करत नाही, इनस्ट्र करतं, एवढं ध्यानात ठेवा.

तुमचा कोड कुठे उभा आहे ते पाच मिनिटांत कळेल. टेबलात "१०%", "१०२", "अ_ब", "अकब" आणि "वा!" असे पाच रो घाला. मग सर्च बॉक्समध्ये "१०%", "अ_ब", "!" आणि नुसतं "%" टाकून बघा. पहिल्या तिन्हींना नेमका एकेक रो यायला हवा, आणि शेवटच्यालाही एकच.