चाळीसगावलाही अशी संध्याकाळ व्हावी
मुंबईत काळा घोड्याला संध्याकाळी गाईडसोबत आर्ट गॅलऱ्या फिरवतात हे वाचून भारी वाटलं, पण भाऊ, आपल्या खान्देशातही हे जमेल ना. चाळीसगावला स्टेशनजवळ फोटोग्राफर केकी मूस यांचं घर आहे, तेच आता कलादालन. भाचीला घेऊन गेलो होतो, फोटोतला बर्फ बघून म्हणे मामा हे कुठलं गाव, आणि तिथल्या माणसाने सांगितलं की हे सगळं टेबलावर साध्या वस्तू मांडून केलंय, तर पोरगी जवळ जाऊन बघतच राहिली. सांगणारं कोणी असलं की फार फरक पडतो. मूस १९८९ ला गेले, अजून आपल्याच लोकांना ते माहीत नाहीत, याचं खरंच वाईट वाटतं. कोणी सुरू करत असेल तर दर शनिवारी यायला मी तयार आहे.