आपण तिथे पाहुणे असतो

गेल्या वर्षी मुलाच्या स्काउट शिबिरातल्या फॅमिली वीकएंडला निघालो तेव्हा गाडीची डिकी लागेना. शेवटी मी पाठ टेकवून दाबून धरली आणि बायकोने ती बंद केली. आत काय होतं ते सांगतो. तीन उशा, आणि उशांना माती लागू नये म्हणून वेगळी पिशवी. घडीची दोन टेबलं. दुसरं कशासाठी घेतलं होतं हे आजही घरात कुणाला सांगता येत नाही. बॅटरीवरचा पंखा. खाऊचे सात डबे. या शिबिरासाठी खास घेतलेले आणि एकदाही पायात न घातलेले माझे बूट. आणि अगदी शेवटी आईने ‘असू दे, लागली तर लागली’ म्हणत सरकवलेली इस्त्रीची चादर.

नव्हतं ते फक्त एक पोस्टकार्ड. ते घरी फ्रिजवर चिकटवलेलं होतं.

शिबिराच्या पहिल्या आठवड्यात मुलाने पाठवलेलं. त्यावर चार चित्रं होती. एक बाण, एक फुली, एक चौकट ज्यात आकडा आणि बाहेर जाणारा बाण, आणि एक वर्तुळ ज्याच्या मधोमध ठिपका. खाली लिहिलं होतं, ‘हे पाठ करा, लागेल.’ आम्ही सगळ्यांनी ते कौतुकाने वाचलं, अक्षर सुधारलंय यावर एकमत केलं आणि पाठ काही केलं नाही.

गाड्या लावायची जागा आणि मुलांचा तळ यांच्यामध्ये झाडीतून जाणारी वाट होती. त्या वाटेवर मुलांनी घरच्यांसाठी खुणा मांडून ठेवल्या होत्या. दगडांचे बाण, काटक्यांच्या फुल्या. बाण म्हणजे इकडून या, फुली म्हणजे इकडे येऊ नका, चौकट म्हणजे बाणाच्या दिशेने तेवढ्या पावलांवर चिठ्ठी लपवली आहे. आणि ठिपक्याचं वर्तुळ म्हणजे ‘मी घरी गेलो’. (स्काउट चळवळ सुरू करणारे बेडन-पॉवेल 1941 मध्ये केनियात वारले. तिथे न्येरीला त्यांच्या थडग्यावर हीच खूण कोरलेली आहे. ही माहिती मला नंतर मुलानेच दिली, जरा कोरड्या आवाजात.) आम्ही काय केलं असेल? मी पुढे, हातात चाकांची बॅग, आणि काटक्यांची पहिलीच फुली बॅगेच्या चाकाखाली मोडून सरळ चालत गेलो. कोणीतरी कचरा टाकलाय असं म्हणालोसुद्धा.

पाऊण तासाने आम्ही स्वयंपाकघराच्या मागच्या उतारावर, चिखलात उगवलो. तोवर बाकीची कुटुंबं पोहोचली होती. पोरगा गळ्यात स्कार्फ नीट बांधून तळाच्या तोंडाशी उभा होता, आपल्या वाटेने कोण येतंय ते बघत. आम्ही आलो पाठीमागून. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “बाबा, मी लिहिलं होतं ना.”

पुढच्या शनिवारी आम्ही परत जातोय. पालकांच्या ग्रुपवर याद्या फिरायला लागल्यात, कुणाच्या यादीत चाळीस वस्तू तर कुणाच्या साठ, म्हणून ही पोस्ट.

माझं म्हणणं असं, की आपण सगळे सामानाची तयारी करतो आणि स्वतःची करत नाही. फॅमिली वीकएंड म्हणजे पोराला भेटायला जाणं, असं आपण धरून चालतो. पण पोरांच्या लेखी तो दिवस वेगळाच असतो. त्यांच्या घरी पाहुणे येणार असतात. तळ त्यांनी उभारलेला, चूल त्यांनी मांडलेली, पाणी त्यांनी भरलेलं. आठवडाभर त्यांची लगबग चाललेली असते, आई-बाबांना काय दाखवायचं, आजी कुठे बसेल, धाकटी कुठे पडणार नाही. आणि आपण जाऊन पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या बॅगेतले कपडे घड्या घालायला घेतो.

ही पद्धत आजची नाही. 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं, तेव्हा साधारण वीस मुलं होती. काही महागड्या शाळांतली, काही जवळच्या गावांतल्या साध्या घरांतली. त्यांनी मुलांचे चार संघ केले, लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू नावाचा पाणपक्षी, आणि प्रत्येक संघाचा नायक मुलांमधलाच नेमला. मोठ्या माणसाने दर वेळी मध्ये पडायचं नाही, संघाचं बरंवाईट संघनायकाने बघायचं. आजही स्काउटचा सगळा डोलारा याच एका गोष्टीवर उभा आहे. तेव्हा आपला मुलगा ताटं घासत असेल आणि त्याचा तेरा वर्षांचा संघनायक ‘हे परत घास’ म्हणत असेल, तर आपण तोंड मिटून बसायचं. मला गेल्या वर्षी हे जमलं नव्हतं. मी म्हणालो, “दे इकडे, मी घासतो.” संघनायक मला अतिशय नम्रपणे म्हणाला, “काका, आज तुमची पाळी नाही.”

आता सामानाचं. सामान लागतंच, मी काही साधू झालेलो नाही. पण एक रात्र तंबूत काढायला खरोखर काय लागतं, हे मला गेल्या वर्षी रात्री दोन वाजता कळलं.

अंगावर घ्यायला आम्ही ढीगभर नेलं होतं, अंगाखाली घालायला काही नाही. थंडी वरून येते असं आपल्याला वाटतं. तंबूत ती खालून येते. जमीन अंगातली ऊब ओढून घेत राहते, आणि स्लीपिंग बॅग कितीही जाड असली तरी आपल्या वजनाखाली दबून तिच्यातली हवा निघून जाते. हवाच नाही तर ऊब कशात राहणार? म्हणून फोमची साधी मॅट असली तरी चालेल, पण हवीच. दुसरं, झोपताना दिवसभराचे कपडे बदलायचे, मोज्यांसकट. घामाने दमट झालेला सुती बनियन रात्री थंडगार पडतो. त्या रात्री इस्त्रीच्या चादरीची चौघडी करून मी ती अंगाखाली घातली. आई कुशीवर वळून म्हणाली, “लागली ना?”

तंबू नवा असेल तर घरी एकदा लावून बघा. गच्चीत, अंगणात, कुठेही. याला दोन कारणं आहेत. एक, खुंट्या कमी निघतात. दोन, नवरा-बायकोची जी काही भांडणं व्हायची ती घरी होऊन जातात. पंचवीस स्काउट बघत असताना ‘तू तो दांडा आधी का घातलास’ हा संवाद बरा दिसत नाही. जागा निवडताना वर बघा. वाळकी फांदी डोक्यावर लटकत असेल तर तिथे नको. मग खाली बघा, खोलगट भाग छान सपाट दिसतो पण पाऊस आला की पाणी तिथेच जमतं. आणि दोर वाटेत येत असतील तर त्यांना पांढरी चिंधी बांधा. अंधारात सगळ्यात जास्त माणसं दोरातच अडखळतात.

नवे बूट हा मूर्खपणा होता, त्यावर जास्त बोलत नाही. दोन्ही टाचांना फोड. घरात आठवडाभर घालून फिरलो असतो तर वाचलो असतो.

खाऊ तंबूत ठेवायचा नाही. हा नियम सगळ्याच शिबिरांत असतो आणि सगळेच पालक तो मोडतात. मुंग्या, उंदीर आणि त्या रानात जे कोणी राहत असेल ते, सगळ्यांना आपल्याआधी पत्ता लागतो.

विजांचं एक नीट लक्षात ठेवा. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती दहाएक किलोमीटरच्या आत आहे. उठा आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. तंबू विजेपासून वाचवत नाही, झाड तर नाहीच. शिबिरात पाऊस आला की गंमत म्हणून तंबूत बसून राहणारे पालक मी पाहिलेत. मुलं शहाणी असतात, ती शिट्टी वाजताच निघतात.

घरात वयस्कर माणूस असेल तर सगळं नियोजन त्यांच्यापासून सुरू करा. आईचे गुडघे दुखतात. जमिनीवरून उठणं हा तिच्यासाठी दहा मिनिटांचा कार्यक्रम असतो. यंदा दुसरं टेबल घरी राहतंय आणि त्याच्या जागी पाठीला टेकायला होईल अशी घडीची खुर्ची आणि घडीची खाट येतेय. आम्ही आधीच फोन करून विचारलंय की स्वच्छतागृह तंबूपासून किती लांब आहे, वाट सपाट आहे का, रात्री दिवा असतो का. आईची औषधं आमच्याजवळ, मूळ वेष्टनात. तिला वेगळा टॉर्च, गळ्यात अडकवायचा. लाल उजेडाचा मिळाला तर उत्तम, कारण अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या झोताने ते क्षणात घालवून बसतो आपण. शिवाय शेजारच्या तंबूतली माणसं शिव्या देत नाहीत.

फाटकावर नोंदवहीत नाव लिहायला सांगतात, ओळखपत्र बघतात, मुलांच्या तंबूंत मोठ्यांना जाऊ देत नाहीत. यावरून गेल्या वर्षी एक गृहस्थ वाद घालत होते, ‘माझ्याच मुलाच्या तंबूत जायला परवानगी?’ म्हणून. अहो, त्या तंबूत तुमच्या मुलाशिवाय दुसऱ्यांचीही मुलं झोपतात. कोणी मोठं माणूस एकटं एखाद्या मुलाबरोबर आडोशाला नसावं, हा नियम आपल्याच लेकरांसाठी आहे. सही करा आणि पुढे व्हा.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. प्रत्येक शिबिरात अशी दोन-तीन मुलं असतात ज्यांच्याकडे कोणी येत नाही. घर लांब असतं, सुट्टी मिळत नाही, घरात आजारपण असतं, काहीही. गेल्या वर्षी आमच्या मुलाच्या संघात असा एक मुलगा होता. सगळ्यांचे आई-बाप आले तसा तो लाकडं फोडायच्या जागेकडे गेला आणि काम नसताना काटक्या रचत बसला. मी ते पाहिलं आणि, खरं सांगतो, सात डब्यांमध्ये गुंतलो होतो. आईने पाहिलं आणि ती उठली. दहा मिनिटांचा कार्यक्रम पूर्ण करून, काठी टेकत तिथे गेली आणि त्याला म्हणाली, “मला गाठ शिकव. माझ्या नातवाला शिकवता येत नाही, फार घाई करतो.” दुपारभर तो तिला शिकवत होता. डावं उजव्यावर, उजवं डाव्यावर, रीफ नॉट. आईने आयुष्यभर पुडे बांधले आहेत, तिला ती गाठ येत नसेल यावर माझा अजिबात विश्वास नाही.

म्हणून यंदा खाऊ नेतोय तो एका मोठ्या डब्यात, अख्ख्या संघाला पुरेल असा, आणि तो संघनायकाच्या हातात देणार आहोत. कुणाला काय खायला चालत नाही हे आधी विचारून. आपल्याच पोराला कोपऱ्यात नेऊन हळूच काहीतरी भरवणारे पालक मला आताशा बघवत नाहीत. मीही तेच केलंय, म्हणून जास्तच.

गाठींवरून आठवलं. त्याच संध्याकाळी मुलाने माझ्या बुटांकडे बघून सांगितलं की मी चाळीस वर्षं नाडी चुकीची बांधतोय. फुलाची पाकळी बुटाला आडवी राहिली तर गाठ बरोबर, ती रीफ नॉटच असते. बुटाच्या लांबीत उभी फिरली तर ती ग्रॅनी नॉट, सुटणारच. माझी उभी होती. आत्ता वाचता वाचता तुम्हीही खाली बघितलं असेल. त्याने गुडघ्यावर बसून, फोड आलेल्या टाचेला धक्का न लावता, मला बांधून दाखवलं. मी त्याला असं बांधून दिलेलं त्याला आठवत नसेल, मला आठवतं.

रविवारी निघताना रडारड होते. त्याची तयारी कुठल्याच यादीत नसते. गेल्या वर्षी बायको म्हणाली, “तुझ्याशिवाय घर अगदी सुनं वाटतं रे.” आणि आतापर्यंत हसणाऱ्या पोराचा चेहरा पडला. खरं होतं ते, पण त्याचं ओझं त्याने पुढचा आठवडा कशाला वाहायचं? आणि ‘नको वाटलं तर फोन कर, लगेच न्यायला येतो’ हे तर मुळीच म्हणायचं नाही असं आम्ही ठरवलंय. एकदा तो दरवाजा उघडा दिसला की मूल शिबिरात राहत नाही, दरवाज्याशीच बसून राहतं. यंदा बोलायचं ते फक्त पुढच्या कार्यक्रमाबद्दल. कॅम्पफायरला काय करणार, नाव कुणाचं लागलंय, असं. आणि निरोप थोडक्यात घ्यायचा. गाडीत बसल्यावर कोणी किती रडायचं ते रडा.

यंदाचं पोस्टकार्ड मंगळवारी आलं. खुणा सहा आहेत, दोन नव्या. खाली ‘पाठ करा’ असं लिहिलेलं नाही, नुसती एक जाड रेघ ओढली आहे. रोज जेवताना उजळणी चालू आहे. आईला सगळ्या येतात. धाकटीने तर घरभर सराव मांडलाय, पेन्सिली, चमचे, माझे मोजे, जे सापडेल त्याने. काल रात्री दिवा न लावता पाणी प्यायला उठलो तर पायाखाली काहीतरी कडकन मोडलं. बघतो तर स्वयंपाकघराच्या दारात दोन पेन्सिलींची फुली.

आतल्या खोलीतून आवाज आला, “बाबा, परत चुकलात.”