एका ‘हाय’ला एक दिवस

वेगवेगळ्या देशांत बसून एकत्र काम करणाऱ्या टीममधला सगळ्यात महाग मेसेज म्हणजे दोन अक्षरी ‘हाय’. हिशेब करून बघा. ब्राझीलमधलं साओ पावलो आणि टोकियो यांच्या घड्याळांत बरोबर १२ तासांचं अंतर आहे. साओ पावलोतल्या गृहस्थांनी सोमवारी सकाळी ९ वाजता ‘हाय’ टाकलं, तेव्हा टोकियोत रात्रीचे ९ वाजलेले. तिथल्या बाईंनी ते मंगळवारी सकाळी वाचलं आणि सभ्यपणे ‘हाय, बोला’ असं लिहिलं. गृहस्थांनी ते त्यांच्या मंगळवारी सकाळी वाचलं आणि मग कुठे खरा प्रश्न विचारला. उत्तर बुधवारी. प्रश्न सोमवारीच लिहिला असता तर उत्तर मंगळवारी हातात असतं. एक अख्खा दिवस रामराम घालण्यात गेला. बाईंनी मध्येच ‘कुठली फाइल?’ असं विचारलं, की गुरुवार.

सहकार्याची संस्कृती म्हणून कंपन्या जी मूल्यं भिंतीवर लावतात (आता भिंतच नाही म्हणून स्लाइडवर), त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण माझं म्हणणं इतकंच, की आधी या फेऱ्या कमी करा. आपुलकी नंतर आपोआप येते, कारण मग कोणी कोणावर वैतागलेलं नसतं.

फेऱ्या कमी करणारा मेसेज साधारण असा दिसतो: ‘पेमेंटचं पान टेस्टमध्ये अडकतंय. एररचा पूर्ण मजकूर खाली दिलाय, लॉगची लिंक सोबत. कॅश साफ करून पाहिली, फरक नाही. आधीच्या व्हर्जनवर चालतंय. कालचा बदल मागे घेऊ का, एवढंच सांगा. बुधवारी १२:०० यूटीसीपर्यंत (जागतिक प्रमाणवेळ) उत्तर आलं नाही तर मी तो मागे घेतो. पुन्हा लावायला १० मिनिटं लागतात.’

यातली शेवटची दोन वाक्यं सोन्याची आहेत. समोरचा झोपलेला असो, सुट्टीवर असो की नुसताच गप्प असो, काम पुढे सरकतं. अट एकच, की निर्णय परत फिरवता येण्यासारखा हवा. डेटा उडवणं आणि ग्राहकाला मेल पाठवणं या दोन गोष्टी कोणाच्या गप्प बसण्यावरून करायच्या नसतात. आणि एरर मजकूर म्हणून पेस्ट करायचा, स्क्रीनशॉट नको. स्क्रीनशॉटमधलं सहज शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, आणि नेमकी महत्त्वाची ओळ कापली गेलेली असते हा तर निसर्गनियमच.

दुसरा रोग म्हणजे लिंक. दिवस संपताना माणूस मोठ्या जबाबदारीने हँडओव्हर लिहितो: काय झालं, काय अडलं, पुढे काय, कोणाकडे. चार ओळी, झकास. खाली लिंक. पलीकडच्याने ती उघडली की पडद्यावर ‘परवानगी मागा’. परवानगी देणारा आता आठ तास झोपणार. फाइल स्वतःच्या ड्राइव्हवर बनवली की हे होणारच. म्हणून फाइल पहिल्यापासून टीमच्या फोल्डरमध्येच बनवायची. ‘शेवटी हलवू’ म्हणणारे शेवटी लॉगआउट करतात. कोडचंही तेच. अर्धवट का असेना, ब्रँच (कोडची तुमची प्रत) पुश करून, म्हणजे टीमच्या सर्व्हरवर चढवून जा. तुमच्या बंद लॅपटॉपमधलं काम अख्ख्या पृथ्वीच्या दृष्टीने झालेलंच नसतं.

अंगठ्याच्या इमोजीचंही एकदा काय ते ठरवा. कोणाला तो ‘वाचलं’ वाटतो, कोणाला ‘मान्य’, कोणाला ‘मी करतो’. मग तिघेही निर्धास्त आणि काम कोणाकडेच नाही. अंगठा म्हणजे फक्त वाचलं, डोळे म्हणजे मी बघतोय, हिरवी टिक म्हणजे झालं, असं चॅनेलच्या वरच पिन करून टाका.

आता कॉल. बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो, आणि भाषा बदलली तरी त्यात फारसा फरक पडत नाही. इतक्या नाजूक वेळेवर गप्पा चालतात. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. साओ पावलो ते टोकियो साडेअठरा हजार किलोमीटर धरले, तर एका बाजूलाच ९० मिलिसेकंदांहून जास्त गेले. तेही केबल नाकासमोर गेली तर, आणि ती तशी जात नाही. वर आवाजाचं एन्कोडिंग, बफर आणि कोणाच्या तरी घरातलं वायफाय. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा, अशी आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) शिफारस आहे. तो त्यापलीकडे गेला की सुरू होतं ते सगळ्यांच्या ओळखीचं: दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, दोघं एकदम ‘नाही नाही, तुम्ही बोला’ म्हणतात, आणि मग दोघं एकदम बोलतात.

यात मरतो तो दुसऱ्याचं वाक्य पूर्ण संपायची वाट बघणारा. त्याला फट सापडतच नाही. महिनाभराने त्याच्याबद्दल ‘फारसा बोलत नाही’ असा शेरा पडतो. माणूस बोलका आहे हो, पण आवाजाची पॅकेट उशिरा पोचतात. त्यामुळे मीटिंग चालवणाऱ्याने नाव घेऊन विचारायचं, तेही ठरलेल्या क्रमाने: नवा माणूस आधी, साहेब सगळ्यात शेवटी. साहेब आधी बोलले की उरलेली मीटिंग म्हणजे अनुमोदन. मुद्दा वादाचा असेल तर पहिली ५ ते ७ मिनिटं सगळ्यांनी माइक बंद करून एकाच डॉक्युमेंटमध्ये आपापलं मत लिहायचं, आणि मग फक्त जिथे पटत नाही तिथे बोलायचं. पहिल्या वेळी ही शांतता लोकांना असह्य होते. होऊ द्या.

तिघं एका खोलीत एका स्पीकरभोवती आणि चौघं आपापल्या घरी, ही रचना तर मोडूनच काढावी. खोलीतले आपसांत हसतात, बाहेरच्यांना खुर्च्या सरकल्याचा आवाज ऐकू येतो. एक जण बाहेर असला तरी सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवर, आपापला हेडसेट लावून बसावं. एकाच खोलीत दोन लॅपटॉपचे माइक आणि स्पीकर मात्र उघडे ठेवू नका. ती शिट्टी कुठल्याही टाइमझोनमध्ये सारखीच कर्कश.

‘समजलं का?’ हा प्रश्न बंदच करा. त्याचं उत्तर जगभर ‘हो’ असंच येतं. त्याऐवजी ‘पहिली पायरी काय करशील ते दोन ओळींत लिही’ असं म्हणा; गैरसमज तिथेच उघडा पडतो. कामावर शेरे मारतानाही सुरुवातीला एक शब्द टाका: ‘अडतंय’, ‘सुचवतोय’ किंवा ‘शंका’. काही माणसं ‘जमल्यास बघा’ म्हणून ‘हे चालणार नाही’ सांगतात, काही ‘हे चूक आहे’ म्हणून सहज शंका काढतात, आणि दोघंही मनाने चांगलीच असतात.

घड्याळाचा तमाशा वेगळाच. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये ५ तासांचं अंतर, असं सगळ्यांना पाठ असतं. पण अमेरिकेचं घड्याळ उन्हाळ्यासाठी मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातं, ब्रिटनचं शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे अंतर ४ तासांचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा एक आठवडा तीच गंमत. बर्लिन आणि सिडनी तर वर्षभरात ८, ९ आणि १० असं सगळं फिरून येतात, कारण एकाचा उन्हाळा हा दुसऱ्याचा हिवाळा. त्या मानाने साओ पावलो-टोकियोचा संसार सुखाचा: ब्राझीलने २०१९ मध्ये घड्याळ हलवणं बंद केलं आणि जपान हलवत नाही. म्हणून कॅलेंडरमध्ये इन्व्हाइट बनवताना शहर निवडावं, ‘सीएसटी’सारखी टाइमझोनची आद्याक्षरं लिहू नयेत. सीएसटी चीनचीही आहे, अमेरिकेच्या मधल्या भागातल्या राज्यांचीही आणि क्यूबाचीही. आयएसटीवर भारत, आयर्लंड आणि इस्राएल असे तीन दावेदार आहेत.

तारखेत महिना अक्षरांत लिहा किंवा आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवा. ०३/०४ हे कोणासाठी ३ एप्रिल आणि कोणासाठी ४ मार्च असतं, आणि दोघांनाही शंभर टक्के खात्री असते. आठवड्याचंही गृहीत धरू नका. सौदी अरेबियात सुट्टी शुक्रवार-शनिवार. रियाध आणि बर्लिन एकत्र असतील तर सामाईक दिवस चारच, सोमवार ते गुरुवार. ‘शुक्रवारी सकाळी सगळे मिळून बघू’ यातल्या ‘सगळे’मध्ये रियाध येत नाही.

गैरसोयीची वेळ कोणाच्या तरी वाट्याला येणारच, पण ती दर वेळी त्याच माणसाच्या वाट्याला नको. दर महिन्याला फिरवा. ज्याला जमणार नाही त्याच्यासाठी रेकॉर्डिंग ठेवा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाच ओळी लिहा: काय ठरलं, कोणी ठरवलं, का, कुठला पर्याय सोडला, पुन्हा कधी बघायचं. तासाभराचं रेकॉर्डिंग कोणी बघत नाही. बघणारच असं म्हणणारेही बघत नाहीत.

रात्री ११ वाजता सक्तीची प्रश्नमंजूषा घेऊन टीमची दोस्ती होते, यावर माझा विश्वास नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा पाऊण तास दोघांनी स्क्रीन शेअर करून खरंखुरं काम करावं, जोड्या बदलत. एकमेकांची अडखळण्याची पद्धत कळते.

आणि दर आठवड्याला होणारी मीटिंग बनवताना तिला शेवटची तारीख घाला, फार तर तीन महिन्यांची. नाहीतर बनवणारा नोकरी सोडून जातो आणि मीटिंग राहते. ती रद्द करायचा अधिकार कोणाकडेच नसतो, आयटीकडे तिकीट टाकावं लागतं, आणि तोवर जो तो ती आपल्यापुरती कॅलेंडरमधून काढत राहतो. मुदत संपल्यावर ज्याला ती हवीच असेल तो पुन्हा बनवेल. बहुतेकदा कोणी बनवत नाही.