‘देश सोडलात, आता बोलू नका’ म्हणणाऱ्या काकांना

गावच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा तोच फॉरवर्ड फिरला: “रियाल-दिनार मोजणाऱ्यांनी इथल्या सरकारला शहाणपण शिकवू नये. मताचा हक्क दिलाय, तो वापरत नाहीत. टॅक्स भरत नाहीत. वर कोर्टात जाऊन देशाची बदनामी करतात.” खाली चार अंगठे, त्यातला एक आमच्या काकांचा. मी कतारमध्ये, दोह्यात नोकरी करतो. पासपोर्ट भारताचा, मतदार यादीत नाव खेड तालुक्यातलं. तेव्हा उत्तर देणं आलंच.

‘हक्क वापरत नाहीत.’ आकडा काढायचा तर पूर्ण काढू. 2024 च्या लोकसभेला परदेशस्थ मतदार म्हणून नोंद होती 1,19,374 जणांची. मत दिलं 2,958 जणांनी, त्यातले 2,670 केरळचे. महाराष्ट्रातले नोंदलेले 5,097, मत देणारे 17. सतरा! आता कारण बघा. 2010 च्या दुरुस्तीने आमचं नाव यादीत घ्यायची सोय केली, पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः आपल्याच बूथवर उभं राहावं लागतं. आमच्याकडे मतदान होतं 7 मेला. ऐन मे महिना, विमानाची तिकिटं पेटलेली, आणि सुट्टी द्यायची की नाही हे मुकादम ठरवणार. माझ्या खोलीत आम्ही सहा जण, एकालाही जमलं नाही. याच शहरातल्या आपल्या वकिलातीतला कर्मचारी मात्र सेवा मतदार असतो, त्याला टपाली मतपत्रिका मिळते. तो सरकारी कामाला आलाय, आम्ही पोटाला. एवढाच फरक, आणि त्यावर हक्क ठरतो.

‘टॅक्स भरत नाहीत.’ इथल्या पगारावर नाही भरत, बरोबर. पण भारतातलं भाडं, भारतातलं व्याज यावर भरतो. एनआरओ खात्याच्या (अनिवासी भारतीयाचं भारतातलं रुपयांचं खातं) व्याजावर बँक पहिल्या रुपयापासून 30 टक्के आणि वर सेस कापते. बरं, काकांच्या हापूसच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून त्यांचं मत कुणी काढून घेतलंय का? ‘आम्ही घरी पैसे पाठवतो, म्हणून मत द्या’ असं आमच्यातलेही काही म्हणतात. मला तेही पटत नाही. मत नागरिक म्हणून आहे, मनीऑर्डरच्या पावतीवर नाही.

‘कोर्टात जाऊन बदनामी.’ अबुधाबीतले डॉ. शमशीर वायलील याच बूथच्या अटीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. निवडणूक आयोगाच्या समितीनेही ई-टपाल (मतपत्रिका इंटरनेटवरून येते, भरून टपालाने परत पाठवायची) किंवा प्रतिनिधीमार्फत, म्हणजे आपण नेमलेल्या माणसाने आपल्या वतीने करायच्या मतदानाची शिफारस केली. 2018 मध्ये लोकसभेने प्रतिनिधी मतदानाचं विधेयक मंजूर केलं. ते राज्यसभेत पास झालं नाही आणि 2019 ला लोकसभा विसर्जित होताच बाद झालं. म्हणजे याचिकाकर्त्याचं म्हणणं आयोगाला पटलं, लोकसभेला पटलं. यात बदनामी कुणाची झाली?

आणि हे काही आपलंच खूळ नाही. दक्षिण आफ्रिकेचा विलेम रिख्टर हा ब्रिटनमध्ये शिकवणारा शिक्षक 2009 मध्ये मायदेशाच्या घटना न्यायालयात जिंकला, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत परदेशातल्या नोंदणीकृत मतदारांनी वकिलातींत मतदान केलं. ब्रिटनचे हॅरी शिंडलर दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले, पुढे तिथेच राहिले. पंधरा वर्षं बाहेर राहिलात की मत गेलं, असा ब्रिटिश नियम होता. ते युरोपीय मानवाधिकार न्यायालयात 2013 मध्ये हरले, ब्रेक्झिटच्या वेळी मायदेशातल्या कोर्टांतही हरले, पण गप्प बसले नाहीत. 2022 मध्ये संसदेनेच तो नियम रद्द करायचा कायदा केला. अंमलबजावणी जानेवारी 2024 ची. शिंडलर 2023 च्या फेब्रुवारीत गेले, वयाच्या 101 व्या वर्षी.

आणीबाणीतही अमेरिकेतले भारतीय रस्त्यावर उतरले होते आणि काहींचे पासपोर्ट सरकारने जप्त केले होते. आज त्यांना देशद्रोही म्हणायला काका तरी धजतील का?

फॉरवर्डवाल्यांनी न विचारलेला एक प्रश्न मात्र खरा आहे. प्रतिनिधीने मत माझ्याच मनासारखं दिलं की नाही, हे मला कळणार कसं? आणि ई-टपालाने मतपत्रिका आली तर ती कामगारांच्या कॅम्पमध्ये मुकादमाच्या देखत भरावी लागणार नाही कशावरून? इथे कित्येकांचे पासपोर्टसुद्धा, कायद्याने मनाई असून, कंपनीच्या कपाटात पडलेले असतात. मला वकिलातीत बूथ लावणं जास्त बरं वाटतं. त्यावर वाद घालायला मी तयार आहे. गणपतीला येतोय काका, तेव्हा बसू.