राखीव प्रभाग आणि मुलींची वेगळी शर्यत

मोटार शर्यतीच्या नियमांत स्त्रियांना मज्जाव करणारे कलम नाही. कुस्तीसारखी पुरुषांचा गट आणि स्त्रियांचा गट अशी वाटणीही इथे नाही. परवाना, गाडी आणि वेग असेल तर सगळे एकाच रांगेतून सुटतात. तरीही फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेत गुण मिळवणारी स्त्री आजवर एकच, इटलीची लेला लोम्बार्डी. आणि तिच्या नावावरही अर्धाच गुण आहे, कारण 1975 ची बार्सिलोनातली ती शर्यत भीषण अपघातामुळे मध्येच थांबवावी लागली आणि सहाव्या क्रमांकाचा एक गुण निम्मा झाला. यावर उपाय म्हणून मुलींची वेगळी शर्यत भरवावी का, असा वाद मी राहते त्या इंग्लंडमध्ये गेली काही वर्षे चालू आहे, आणि तो ऐकताना मला हटकून पुण्याच्या महापालिकेतली आरक्षणाची सोडत आठवते.

2019 मध्ये इथे ‘डब्ल्यू सीरीज’ ही केवळ स्त्रियांची मालिका सुरू झाली. भाग घ्यायला पैसे भरावे लागत नव्हते, गाड्या सर्वांना सारख्या होत्या आणि विजेतीला पाच लाख डॉलर मिळणार होते. इंडीकार या अमेरिकेतल्या अव्वल शर्यत मालिकेत स्वतः गाडी चालवलेल्या पिप्पा मान हिने मात्र तिला उघड विरोध केला. जिथे स्त्री-पुरुष एकत्र स्पर्धा करतात अशा मोजक्या खेळांतूनही बायकांना बाजूला काढणे म्हणजे मागे जाणे, असे तिचे म्हणणे होते. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या आणि 2011 मध्ये ते प्रमाण निम्म्यावर गेले, तेव्हा ‘धमक असेल तर खुल्या जागेवरून निवडून या’ असे सांगणारे पुष्कळ होते. त्यांचा सूर बहुधा जागा गमावणाऱ्यांचा होता. पिप्पा मानचा तसा नव्हता, म्हणून तिचा आक्षेप मी सहज झटकून टाकू शकत नाही.

पण राखीव प्रभागाची खरी परीक्षा तो खुला झाल्यावर होते. पाच वर्षे नळ, गटारे आणि कचऱ्यामागे धावलेल्या नगरसेविकेचा प्रभाग सोडतीत खुला निघतो आणि तिकीट एखाद्या ‘भाऊं’कडे जाते, हे आपल्याकडे नित्याचे आहे. ब्रिटिश चालक जेमी चॅडविकच्या वाट्याला काहीसे हेच आले. 2019, 2021 आणि 2022 अशी ‘डब्ल्यू सीरीज’ची तिन्ही विजेतेपदे तिनेच मिळवली, तरी फॉर्म्युला वनकडे नेणाऱ्या शिडीतल्या फॉर्म्युला थ्रीमधली जागा काही तिला मिळाली नाही. त्या पातळीवर एका हंगामाचा खर्चच दहा लाख युरोच्या घरात जातो. अखेर ती अमेरिकेत इंडीकारखालच्या इंडी एनएक्सटी मालिकेत गेली आणि 2024 मध्ये रोड अमेरिका ट्रॅकवर मुलांना मागे टाकून शर्यत जिंकली. ‘डब्ल्यू सीरीज’ मात्र 2022 चा हंगाम पैशाअभावी अर्धवट सोडून बंद पडली.

तिच्यानंतर, 2023 मध्ये, खुद्द फॉर्म्युला वनने काढलेली ‘एफ-1 अकॅडमी’ या बाबतीत शहाणी आहे. तिथे विजेतीला पुढच्या वर्षी खुल्या मालिकेत खर्चासह जागा दिली जाते. पहिली विजेती मार्ता गार्सिया आणि दुसरी अ‍ॅबी पुलिंग या दोघींना ती मिळाली. त्याच पुलिंगने 2024 मध्ये ब्रँड्स हॅचला ब्रिटिश एफ-4 ची, म्हणजे त्या शिडीच्या खालच्या पायरीची, मिश्र शर्यतही जिंकली, आणि असे करणारी ती पहिली मुलगी. वेगळ्या मालिकेमुळे धार बोथट होते असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे असावे. मला खटकते ते निराळेच: पहिल्या वर्षी प्रत्येक मुलीला दीड लाख युरो पदरचे आणावे लागले होते. म्हणजे निवड होण्याआधीच एक निवड होऊन गेलेली असते.

ती कुठे होते, हे पाहायचे असेल तर रविवारी सकाळी नॉर्दॅम्प्टनशरमधल्या व्हिल्टन मिलच्या कार्टिंग ट्रॅकवर, म्हणजे मुले छोट्या उघड्या गाड्यांतून शर्यत शिकतात तिथे, जावे. आठ-नऊ वर्षांची मुले, व्हॅनच्या मागे ठोकलेले तंबू, ओल्या ट्रॅकचे आणि कोरड्या ट्रॅकचे टायर वेगवेगळे रचलेले, आणि प्रत्येक कार्टपाशी गुडघे टेकून बसलेला एक बाप. तो चेन ताणतो, टायरमधली हवा मोजतो आणि मुलाला पहिल्या वळणावर ब्रेक कुठे दाबायचा हे बोट दाखवून सांगतो. मुलीही असतात, वेणी बॅलक्लाव्हात, म्हणजे हेल्मेटखालच्या कापडी टोपीत, कोंबून हेल्मेट चढवणाऱ्या, पण कमी. त्यांना कोणी हुसकावून लावत नाही. एवढेच की घरातला शनिवार-रविवार, व्हॅन आणि बचत कोणाच्या नावे लावायची हा निर्णय स्वयंपाकघरात कधीच झालेला असतो, आणि तो घेणारी माणसे दुष्ट नसतात. इंग्लिश घरातही तो पुण्यातल्या घरासारखाच होतो, हे कळल्यावर ‘परदेशात मुलींना सगळे मोकळे असते’ हे आपले लाडके गृहीतक मी सोडून दिले.

बायकांच्या अंगात तेवढी ताकद नसते, हा आक्षेप दोन्हीकडे ऐकू येतो. फॉर्म्युला वनच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग असते. त्याखालच्या एफ-2 च्या गाडीला मात्र वर्षानुवर्षे नव्हते, म्हणजे शिडीची मधली पायरीच सर्वांत जड होती. 2024 ची नवी गाडी आखताना स्टिअरिंगला लागणाऱ्या जोराचा मुद्दाम विचार झाला. फ्रान्सच्या रॅलीचालक मिशेल मुतॉंने तर तो वाद केव्हाच निकाली काढला होता. 1982 च्या जागतिक रॅली स्पर्धेत तीन रॅली जिंकून ती एकूण दुसरी आली, आणि तिच्यामागे आउडीचा कारखाना आणि त्यांची क्वात्रो ही चारही चाकांना जोर देणारी गाडी होती. चांगली गाडी एखाद्या बाईच्या हाती पूर्ण हंगाम दिली तर काय होते, याचे इतके ठळक उदाहरण त्या खेळात दुसरे सापडणार नाही.

आपल्याकडचेही एक उदाहरण आहे. 2024 मध्ये पुण्याच्या डायना पुंडोले यांनी मोटार शर्यतीतल्या एमआरएफ सलून गटाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, आणि ते पुरुषांबरोबर एकाच रांगेतून सुटून. कार शर्यतीत हे यश मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. पुण्यातल्या माझ्या नातलगांत यावर जी चर्चा झाली ती ‘दोन मुलांची आई असून’ या शब्दांपुढे फारशी सरकली नाही. मला त्यात महत्त्वाचे वाटले ते हे की त्या गटात गाड्या सगळ्यांना एकाच बनावटीच्या असतात, त्यामुळे कोणाचा बाप किती खर्च करू शकतो याला आपोआप लगाम बसतो. आता अडचण अंतराची. चाकणच्या पट्ट्यात मोटारींचे एवढे कारखाने, पण राष्ट्रीय शर्यतीसाठी पुण्याच्या चालकाला चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइम्बतूरला जावे लागते. या कारखान्यांनी आणि महापालिकांनी मिळून पुण्याच्या आसपास मुलांसाठी एक खरा कार्टिंग ट्रॅक बांधावा, कार्ट भाड्याने आणि सारख्याच द्याव्यात आणि निम्म्या जागा पहिली काही वर्षे बिनदिक्कत मुलींसाठी ठेवाव्यात, असे माझे मत आहे. वेगळी मालिका काढायची की नाही, हा प्रश्न त्या मुली सोळा वर्षांच्या झाल्यावर त्यांनाच विचारता येईल.