‘हात मोकळे सोडा’ म्हणणाऱ्यांनी ‘डर्टी हॅरी’ शेवटपर्यंत पाहिला आहे का?

माझा भाचा पोलीस अधिकारी होण्यासाठी परीक्षेची तयारी करतो आहे. परवा त्याने एक लांबलचक पोस्ट पाठवली आणि खाली लिहिलं, ‘मामा, शंभर टक्के पटलं.’ पोस्टमध्ये वर पिस्तूल रोखलेल्या क्लिंट ईस्टवूडचा फोटो आहे. मजकुराचा सारांश असा: ‘डर्टी हॅरी’ हा १९७१ चा अमेरिकी चित्रपट सत्यघटनेवर आहे आणि त्यातला खरा खुनी पकडलेला असूनही कोर्टाने नियमांवर बोट ठेवून त्याला सोडलं. हॅरी या पोलिसाने (ईस्टवूड) त्याच्या जखमी पायावर बूट दाबला म्हणून पुरून ठेवलेली मुलगी वाचली. त्या काळातल्या सगळ्या खमक्या पोलिसांच्या चित्रपटांचं आणि त्यांच्या पुढच्या भागांचं सांगणं एकच, पोलिसांचे हात मोकळे सोडा. आणि तेव्हा याबद्दल कुणी तक्रार केली नाही, आताच लोक नाजूक झालेत.

दुसऱ्या कुणी पाठवली असती तर मी उत्तर दिलं नसतं. पण ज्याला उद्या वर्दी घालायची आहे त्याला हे पटत असेल तर गप्प बसणं बरोबर नाही.

सर्वांत घातक मुद्दा मुलीचा, म्हणून तो आधी घेतो. मुलगी वाचत नाही! चित्रपट पाहिलेल्या माणसाने असं लिहावं कसं? चित्रपटातला खुनी स्कॉर्पिओ चौदा वर्षांच्या मुलीला जमिनीखाली कोंडतो आणि दोन लाख डॉलर मागतो. हॅरी केझर स्टेडियममधल्या त्याच्या खोलीत वॉरंटशिवाय घुसतो, मैदानात त्याच्या पायावर गोळी झाडतो आणि मुलगी कुठे आहे असं विचारत त्याच्या जखमेवर उभा राहतो. स्कॉर्पिओ वकील मागत किंचाळत राहतो. कॅमेरा हेलिकॉप्टरमधून वर वर जातो आणि ते दोघे धुक्यात दिसेनासे होतात. लगेच पुढच्या दृश्यात पहाटेच्या उजेडात खड्ड्यातून त्या मुलीचं प्रेत बाहेर काढतात आणि हॅरी लांबून पाहत असतो. तिथे एक शब्दही बोलला जात नाही. त्यानंतर सरकारी वकील हॅरीला सांगतो की रायफल पुरावा म्हणून चालणार नाही, कबुली चालणार नाही, माणूस सुटणार. म्हणजे त्या बुटाने मुलगीही वाचली नाही आणि खटलाही हातचा गेला. सुटलेला स्कॉर्पिओ पुढे शाळेच्या मुलांची बस पळवतो. चित्रपट हॅरीच्या बाजूने झुकलेला आहे, हे मी नाकारत नाही. पण त्याने दाखवलेलं पोस्टने बदलून टाकलं आहे, आणि बदललं आहे ते नेमकं ‘मारहाण कामाला येते’ हे पटवण्यासाठी.

पडद्याबाहेर मारहाणीतून काय निघतं, याची कागदोपत्री नोंद शिकागोत आहे. जॉन बर्ज हा तिथला पोलीस अधिकारी. १९७२ ते १९९१ या काळात त्याने आणि त्याच्या हाताखालच्या लोकांनी शंभरावर संशयितांचा छळ केला. विजेचे झटके दिले, तोंडावर प्लास्टिकची पिशवी आवळली. बहुतेक संशयित कृष्णवर्णीय होते. कबुलीजबाब भराभर मिळत गेले, खटले उभे राहिले, फाशीच्या शिक्षाही झाल्या. जानेवारी २००३ मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर जॉर्ज रायन यांनी फाशीच्या कोठडीतल्या चार जणांना निर्दोष ठरवून माफी दिली. चौघांचाही बर्जच्या लोकांनी कबुलीसाठी छळ केला होता. छळाच्या गुन्ह्यांची कायदेशीर मुदत उलटून गेल्यामुळे बर्जवर त्यासाठी खटला चालूच शकला नाही. २०१० मध्ये त्याला शपथेवर खोटं बोलल्याबद्दल आणि न्यायात अडथळा आणल्याबद्दल दोषी धरलं आणि साडेचार वर्षांची शिक्षा झाली. २०१५ मध्ये शिकागो शहराने पीडितांसाठी ५५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली आणि हा इतिहास शाळांमधून शिकवायचं ठरवलं.

वेदनेखाली माणूस समोरच्याला जे ऐकायचं असतं ते बोलतो. खरं कोणतं आणि सुटकेसाठी रचलेलं कोणतं, हे मारणाऱ्याला कळत नाही. आणि निर्दोष माणूस कबुली देऊन आत गेला की फाईल बंद होते, ज्याने गुन्हा केला त्याला कुणी शोधत नाही. जो पोलीस होणार आहे त्याने हे सर्वांत आधी समजून घ्यायला हवं, कारण खाली सही त्याची असणार आहे.

आता ‘सत्यघटना’. स्कॉर्पिओवर झोडिअॅक नावाने पत्रं पाठवणाऱ्या खुन्याची छाया आहे, एवढं खरं. शाळेच्या बसमधल्या मुलांना मारण्याची धमकीही त्याच्याच पत्रातली. पण झोडिअॅक कधी पकडलाच गेला नाही, मग कोर्टाने सोडलं कुणाला? ऑक्टोबर १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत टॅक्सीचालकाचा खून झाला तेव्हा वायरलेसवरून आधी कृष्णवर्णीय माणसाचं वर्णन गेलं. खुनी गोरा होता. गस्तीवरच्या पोलिसांना जवळच्याच रस्त्यावर एक गोरा माणूस चालताना दिसला आणि ते पुढे निघून गेले. यात ना न्यायाधीश होता, ना मानवाधिकारवाला.

ज्या मिरांडा निकालाचं नाव घेऊन बोटं मोडली जातात, त्यातल्या अर्नेस्टो मिरांडाचं काय झालं हेही पोस्टमध्ये नाही. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली, कारण गप्प राहण्याचा आणि वकील मिळण्याचा हक्क त्याला सांगितलाच नव्हता. १९६७ मध्ये खटला पुन्हा चालला, कबुलीजबाब बाजूला ठेवून, आणि तो पुन्हा दोषी ठरला. नीट तपास असेल तर नियम पाळूनही गुन्हेगार आत जातो. आणि मारून घेतलेली कबुली चालत नाही, हे काही साठच्या दशकातलं नवं खूळ नव्हतं. ‘ब्राऊन विरुद्ध मिसिसिपी’ या खटल्यात तेच न्यायालय १९३६ मध्येच तसं सांगून मोकळं झालं होतं.

एक गोष्ट मान्य करतो, मनाविरुद्ध का होईना. लोकांची भीती खोटी नव्हती. १९६० ते १९७० या दशकात अमेरिकेत हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण दुपटीहून जास्त वाढलं होतं. जीव धोक्यात असताना पोलिसाने आधी हक्क वाचून दाखवावेत की प्रश्न विचारावा, हा पेचही खरा होता. न्यायालयाने तो १९८४ च्या क्वार्ल्स खटल्यात सोडवला. सुपरमार्केटमध्ये पकडलेल्या संशयिताच्या खांद्याला अडकवलेलं पिस्तुलाचं होल्स्टर रिकामं होतं, आणि पिस्तूल कुठे आहे हे पोलिसाने हक्क न सांगताच विचारलं. सार्वजनिक सुरक्षेसाठी ते ग्राह्य धरलं गेलं. पण सवलत मिळाली ती प्रश्न विचारायला.

‘सगळ्या भागांचं सांगणं एकच’ हे वाक्य तर दुसरा भाग न पाहताच लिहिलेलं आहे. १९७३ चा ‘मॅग्नम फोर्स’ याच विचाराविरुद्ध उभा आहे. त्यात कोर्टातून सुटलेल्या गुंडांना वाहतूक पोलीसच रस्त्यात अडवून गोळ्या घालतात. पार्किंगच्या तळघरात मोटारसायकलवर बसलेले हे तरुण पोलीस हॅरीला विचारतात की तू आमच्याबरोबर आहेस की विरोधात, आणि तो सांगतो की तुम्ही मला ओळखण्यात चूक केलीत. तोपर्यंत साक्षीदार नको म्हणून त्यांनी हॅरीच्या जुन्या मित्राला, एका पोलिसालाच, संपवलेलं असतं. या टोळीचा म्होरक्या त्याचाच वरिष्ठ निघतो. हॅरी त्याला ऐकवतो की पोलीस जल्लाद झाले तर हे थांबणार कुठे, उद्या रस्ता चुकीचा ओलांडला म्हणून मारतील, परवा शेजाऱ्याचा कुत्रा आपल्या हिरवळीवर मुतला म्हणून शेजाऱ्याला. व्यवस्थेची चीड असूनही, तिच्याहून बरं काही मिळेपर्यंत तिलाच धरून राहणार, हेही तो तिथेच म्हणतो. मला पाचही भागांतला हाच हॅरी सर्वांत आवडतो.

तिसऱ्या भागात त्याला नको असलेली महिला सहकारी अल्काट्राझ बेटावर त्याचा जीव वाचवताना मरते. पाचव्यात खेळण्यातल्या मोटारीने केलेला पाठलाग सोडला तर फारसं काही नाही. चौथा, १९८३ चा ‘सडन इम्पॅक्ट’, मात्र पोस्टच्या बाजूने जातो. बलात्काराचा सूड घेत एकेकाला मारणाऱ्या बाईला हॅरी शेवटी जाऊ देतो. हा मुद्दा त्यांचा. पाचांतला एक.

पोस्टमधल्या खमक्या पोलिसांच्या यादीत पपाय डॉयल हा दुसऱ्या एका चित्रपटातला पोलीसही आहे, ‘टोळी संपवणारा’ म्हणून. ‘द फ्रेंच कनेक्शन’च्या शेवटी डॉयल सावलीवर गोळ्या झाडतो आणि आपल्याच बाजूच्या केंद्रीय अधिकाऱ्याला मारतो. मुख्य तस्कर निसटतो, म्हणून तर १९७५ च्या दुसऱ्या भागात डॉयलला फ्रान्समधल्या मार्सेला जावं लागतं. ज्या खऱ्या प्रकरणावरून हा चित्रपट निघाला, त्यात जप्त केलेलं हेरॉइन पोलिसांच्याच ताब्यातून चोरीला गेल्याचं १९७२ मध्ये उघड झालं.

राहता राहिलं ‘तेव्हा कुणी तक्रार केली नाही’. ‘डर्टी हॅरी’ डिसेंबर १९७१ मध्ये लागला आणि जानेवारी १९७२ मध्येच समीक्षक पॉलिन केल यांनी ‘द न्यूयॉर्कर’मध्ये त्याला फॅसिस्ट वळणाचा ठरवलं. दुसरे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चित्रपटाची कारागिरी वाखाणली, पण त्याच्या नैतिक भूमिकेला हाच शब्द लावला. त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये फ्रँक सर्पिको हा पोलीस चौकशीसाठी नेमलेल्या नॅप आयोगासमोर आपल्याच खात्यातल्या भ्रष्टाचाराची साक्ष देत होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमली पदार्थांच्या छाप्यात त्याच्या चेहऱ्यावर गोळी लागली होती, तरी तो साक्षीला आला. तक्रार करणाऱ्यांत खात्यातली माणसंही होती.